नंबर देण्याआधी : आमच्या घरी झालेल्या बाळंतपणाबद्दल

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मेसेज करून माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "दादा, तुमचं दुसरं बाळ घरीच झालं ना? आम्हालाही घरीच करायचंय. त्या ताईंचा नंबर द्या." तिघांकडेही पहिलंच बाळंतपण. तिघांनीही कुठलं ना कुठलं रील पाहिलेलं. मंद उजेड, पाण्याच्या टबात शांत बसलेली आई, मागे बासरी.

मी नंबर दिला नाही. का दिला नाही ते प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहितो. ही गोष्ट खरं तर बायकोची आहे, माझी नाही. तिने हे सगळं वाचलंय, तीन वाक्यं खोडलीत, एक स्वतः घातलंय आणि मग "टाक" म्हणाली.

आधी थोरलीच्या जन्माबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

थोरली २०१८ ची. चांगल्या, चकचकीत, खासगी हॉस्पिटलमध्ये झाली. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका हॉस्पिटलचा नाही. सकाळी सात वाजता आत नेलं आणि दार बंद केलं. मी बाहेर स्टीलच्या खुर्चीवर. दुपारी तीनला नर्सने मुलगी दाखवली, "नॉर्मल झाली, पेढे आणा" म्हणाली. मी खाली जाऊन पेढे आणले. माझ्या दृष्टीने सगळं उत्तम झालं होतं.

आत काय झालं ते बायकोने मला आठ महिन्यांनी सांगितलं. एका रात्री मी सहज म्हणालो की आता दुसऱ्याचा विचार करायला हरकत नाही, तेव्हा. कळा वाढवायचं इंजेक्शन सलाईनमधून सुरू केलं, ते तिला कुणी सांगितलंच नाही. आठ तास पाठीवर झोपवून ठेवलं, कुशीवर वळू दिलं नाही. पाणी मागितलं तर नाही. ओरडली तर एक आयाबाई जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही, पण बाळंतपण झालेल्या बऱ्याच बायकांना ते वाक्य माहीत असेल. शेवटी न विचारता खाली कापलं. टाके घालताना तिला कळलं की कापलं होतं. मुलगी झाल्यावर चार तास दुसऱ्या खोलीत ठेवली आणि बाटलीने दूध पाजलं. "मी तिथे माणूस नव्हते, बेड नंबर होते," हे तिचं वाक्य. खोडू नकोस असं तिने बजावलंय.

आणि मी पेढे वाटत होतो.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिची पहिली अट होती, "त्या खोलीत मी परत एकटी जाणार नाही." आम्ही पुण्यात सहा ठिकाणी विचारलं. तू आत थांबू शकशील का? चारांनी नाही म्हणून सांगितलं. एकाने "डिलक्स रूम घेतली तर बघू" म्हटलं. एक जण हसला. त्या शोधातच एका ओळखीच्या बाईंकडून कळलं की घरी येऊन बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित मिडवाईफ आहेत. नर्सिंगचं शिक्षण घेतलेल्या, पुढे मिडवायफरी शिकलेल्या. सुईण नव्हे.

सुईण म्हटलं की माझी आई आठवते. घरी करायचं ठरतंय असं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या आईची सात बाळंतपणं घरीच झाली. आम्ही चौघं जगलो. आता तू मला सांग, घरी काय चांगलं असतं ते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्या वाक्याला उत्तर नाही. 'पूर्वी सगळं घरीच व्हायचं' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आजीला, नाहीतर आजीच्या बहिणीला विचारावं की किती झाली आणि किती राहिली. महाराष्ट्रात आज जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८ ते २० या काळातल्या सरकारी आकडेवारीनुसार देशात लाखभर जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. हे असंच झालेलं नाही. २००५ ची जननी सुरक्षा योजना, आशाताई, रुग्णवाहिका, तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारं रक्त, या सगळ्याचा त्यात हात आहे. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या पाड्यांवर आजही जी बाई घरी बाळंत होते तिने ते बहुतेकदा निवडलेलं नसतं. नदीला पूर असतो, गाडी येत नाही, दवाखाना लांब असतो. आम्ही जे केलं त्याला 'निवड' म्हणता येतं, कारण आमच्याकडे गाडी होती, पैसे होते आणि दवाखाना साडेतीन किलोमीटरवर होता. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरणं मला पटत नाही.

ताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा वाटलं होतं की त्या आमचं मन वळवतील. त्यांनी उलट तपासणी घेतली. पहिलं बाळंतपण कसं झालं? सिझर नाही ना? हिमोग्लोबिन किती? बीपी? शुगरची चाचणी झाली का? बाळ एकच आहे ना, डोकं खाली आहे का, वार कुठे चिकटलीय? यातलं एक जरी उत्तर चुकीचं आलं असतं तर त्या तिथूनच परत गेल्या असत्या, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग घर बघितलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. "हिला जिन्यावरून खाली कसं नेणार?" मी म्हणालो, उचलून. "कोण? तुम्ही एकटे? पायऱ्या मोजल्यात का?" शेवटी हात असलेली भक्कम प्लास्टिकची खुर्ची आणि खालच्या मजल्यावरचे काका असं ठरलं. आम्ही दोघांनी रविवारी दुपारी खुर्चीत तांदळाचं पोतं ठेवून ते जिन्यावरून उतरवून पाहिलं. सोसायटीत चर्चा झाली.

ताईंची शेवटची अट एकच होती. "मी 'चला' म्हटलं की निघायचं. का, कशाला, पाच मिनिटं थांबू, असं काही नाही. कबूल असेल तर मी येते."

आणि एक डॉक्टर पाठीशी हव्या होत्या. हे सगळ्यात अवघड गेलं. घरी बाळंतपण करणं आपल्याकडे बेकायदा नाही, पण 'आधी घरी प्रयत्न करणार, अडलं तर तुमच्याकडे आणणार' हे ऐकल्यावर बहुतेक डॉक्टर हात जोडतात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. काही झालं तर काचा त्यांच्या फुटतात. एक डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, "मला तुमचा निर्णय मान्य नाही. पण तपासणी माझ्याकडेच करा आणि रात्री दोनलाही या. दारात कुणी तुमच्याशी भांडणार नाही एवढं मी बघते." आज मागे वळून पाहताना वाटतं, आमच्या सगळ्या तयारीत हे एक वाक्य सर्वांत मोलाचं होतं.

जून महिना. दोन दिवसांपूर्वी दोन्ही पालख्या हडपसरवरून पुढे गेल्या होत्या. रात्री साडेअकराला कळा सुरू झाल्या. साडेबाराला ताई आणि त्यांची मदतनीस आल्या. थोरली शेजाऱ्यांकडे झोपली होती. आई स्वयंपाकघरात बसून होती, आत यायचं नाही म्हणाली, पण चहाचं पातेलं गॅसवरून उतरू दिलं नाही.

ते चार तास मी शब्दांत नीट मांडू शकत नाही, आणि बायकोने तिथलीच वाक्यं खोडलीत, त्यामुळे थोडक्यात. ती चालत होती. गुडघ्यांवर बसत होती. माझ्या गळ्यात हात टाकून लोंबकळत होती. पाणी प्यायली, दोन घास गूळपोळी खाल्ली, मला शिव्या दिल्या. ताई थोड्या थोड्या वेळाने बाळाचे ठोके ऐकत, बाकी वेळ कोपऱ्यात गप्प बसलेल्या. प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी विचारत, "बघू का गं?" तीन चाळीसला मुलगा झाला आणि थेट तिच्या छातीवर गेला. नाळेतले ठोके थांबेपर्यंत कुणी नाळ कापली नाही. बायको हसत होती. पहिल्या वेळी मला हे काहीच दिसलं नव्हतं.

रील असतं तर इथे संपलं असतं.

वार पडली चार वाजून पाच मिनिटांनी. त्यानंतर रक्त थांबायला हवं होतं. ताईंनी लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, पोट चोळायला सुरुवात केली. मदतनीस एकेक पॅड उचलून आमच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवत होती आणि आकडा मोठ्याने सांगत होती. कोरड्या पॅडचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. तीनशे दहा. चारशे ऐंशी. त्याच काट्यावर आदल्या आठवड्यात आईने डिंकाच्या लाडवांचा डिंक मोजला होता. सहाशे वीसला ताई वार परत एकदा उजेडात धरून बघत होत्या. एका कडेला तुकडा कमी वाटत होता. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "चला."

मला आठवतं, बायको तेव्हा बोलत होती, बाळाकडे बघत होती, चेहरा थोडा पांढरा, पण ठीक दिसत होती. मी एकटा असतो तर म्हणालो असतो, थांबू या थोडं, थांबेल रक्त. शंभर टक्के म्हणालो असतो. पाणी दिलं असतं, पांघरूण घातलं असतं.

खुर्ची, काका, जिना. पाऊस. मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवर ताईंचा एक हात तिच्या पोटावर दाबलेला, दुसऱ्या हातात वर धरलेली सलाईनची बाटली. शेजारी मदतनीस, बाळ तिच्या कुशीत. गाडीतळ मोकळा होता. आणि तिथून जाताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण दोन दिवसांपूर्वी याच वेळी त्याच चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ताईंनी तो प्रश्न महिनाभर आधी विचारला होता, "त्या दोन दिवसांत कळा आल्या तर?" आणि मी "बघू" म्हणालो होतो.

बारा मिनिटं लागली. डॉक्टरबाई दारात होत्या. कुणी फॉर्म पुढे केला नाही, कुणी भांडलं नाही. वारेचा राहिलेला तुकडा भूल देऊन काढला. दोन पिशव्या रक्त चढवलं. बारा असलेलं हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो.

डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं, आमचं चुकलं का? त्या म्हणाल्या, "वार अडकायची ती इथेही अडकली असती. ताईंनी अंदाजावर न जाता वजन केलं, म्हणून तुम्ही वेळेत आलात. पण इथे असतात तर मला ती बारा मिनिटं मिळाली असती." मग थोडं थांबून, "आणि आधीच्या ठिकाणी तुम्हाला नीट वागवलं असतं, तर तुम्ही पहिल्यापासून इथेच आला असतात. हेही तितकंच खरं."

म्हणून ही पोस्ट. आमच्यापुढे निवड होती ती एका बाजूला माणूस म्हणून वागणूक आणि दुसऱ्या बाजूला ती बारा मिनिटं, अशी. बाळंतपणात रक्तस्राव कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. सगळे रिपोर्ट चांगले असलेल्या बाईलाही होतो, माझ्या बायकोला झाला. २०१८ मध्येच तमिळनाडूत तिरुपूरला एक तरुण आई घरी बाळंत होताना रक्तस्रावाने गेली. जवळ प्रशिक्षित कुणी नव्हतं, व्हिडिओ बघून केलं असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. ती बातमी मी आमचा निर्णय होण्याआधी वाचली होती आणि 'आपण तसे नाही' म्हणून पुढे गेलो होतो. आमच्यात आणि त्यांच्यात फरक फक्त ताई, वजनकाटा आणि मोकळा रस्ता एवढाच होता.

परदेशात होतं ना, असंही लोक म्हणतात. होतं. इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून जास्त बाळंतपणांचा 'बर्थप्लेस' नावाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या बायका, प्रशिक्षित मिडवाईफ, गरज पडली तर रुग्णवाहिका आणि हॉस्पिटल एकाच यंत्रणेत जोडलेलं. तरीही पहिलटकरणींमध्ये घरी ठरवलेल्या बाळंतपणात बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३, हॉस्पिटलमध्ये ५.३. आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. दुसरं किंवा पुढचं मूल असलेल्यांमध्ये बाळाच्या जोखमीत असा फरक दिसला नाही, पण त्यांच्यातही साधारण १२ टक्के जणींना हलवावं लागलंच. मला नंबर मागणारे तिघेही पहिलटकरणीचे नवरे आहेत. आणि आपल्याकडे तशी जोडलेली यंत्रणा नाही, आम्हाला ती खुर्ची आणि काका अशी स्वतः जमवावी लागली.

आता दुसरी बाजू, कारण डॉक्टर मित्र वरचं वाचून खूश झाले असतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण २५.४ टक्के होतं, आधीच्या फेरीत २०.१. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. एकाच देशातल्या बायकांची शरीरं रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरी अशी नसतात. सिझर जीव वाचवतं, ते वेळेवर मिळालंच पाहिजे. पण जवळजवळ दर दोनातलं एक?

आणि करता येण्यासारखं काही नाही असंही नाही. बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत घरातली एक स्त्री आत राहू द्यावी, अशी परवानगी केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ मध्येच दिली. २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हा गुणवत्तेचा भाग धरलाय. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं आली. अनुभवी नर्सना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण द्यायचं आणि दवाखान्यातच, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना, मिडवाईफनी साधी बाळंतपणं करायची. म्हणजे आम्हाला जे हवं होतं ते, त्या बारा मिनिटांसकट. कागदावर सगळं आहे. आपल्या वॉर्डातल्या प्रसूतिगृहात यातलं काय सुरू झालंय हे आपण कुणी कधी नगरसेवकाला विचारलंय? मी नाही विचारलं. रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल विचारलंय.

म्हणून नंबराऐवजी प्रश्न देतो. तुम्ही ज्या दवाखान्यात नाव घालणार तिथे सातव्या महिन्याच्या आत जाऊन विचारा :

१. कळा चालू असताना तिच्याजवळ कोण थांबू शकतं?
२. तिला चालता, बसता, पाणी पिता येईल का?
३. इंजेक्शन देण्याआधी, कापण्याआधी तिला सांगता का?
४. बाळ लगेच आईजवळ देता का?
५. गेल्या वर्षी तुमच्याकडे शंभरात किती सिझर झाली?
६. रात्री तीन वाजता रक्त आणि भूलतज्ज्ञ किती वेळात येतात?

पहिले पाच प्रश्न आम्ही थोरलीच्या वेळी विचारले नव्हते. सहावा धाकट्याच्या वेळी ताईंनी आम्हाला विचारायला लावला, म्हणून आज ही पोस्ट वाचून खोडायला घरात कुणीतरी आहे.

विचारायला लाज वाटते, 'डॉक्टर रागावतील' वाटतं, हे मला माहीत आहे. मीही पेढे आणायला गेलो होतो. पण दहा घरांनी हे विचारलं तर अकराव्या घराला उत्तर तयार मिळेल.

ज्यांना तरीही घरीच करायचंय, दुसरं-तिसरं आहे, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, त्यांनी इनबॉक्सला या. नंबर नाही देणार, आधी बोलू. कुठल्या मजल्यावर राहता तिथून सुरुवात करू. आणि जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते, घरी जन्म झाला तर कुटुंबप्रमुखाने कळवायचं असतं, हेही लक्षात ठेवा. खिडकीवरचे साहेब "हॉस्पिटलचं पत्र आणा" म्हणतील. आम्हाला तीन खेपा पडल्या.

काल हे लिहून झाल्यावर बायकोला विचारलं, समजा तिसरं असतं तर कुठे केलं असतं? ती म्हणाली, "डॉक्टरबाईंकडे. पण ताईंना घेऊन. आणि तू आत."

मग म्हणाली, "तिसरं नाहीये, जा दूध घेऊन ये."

कमेंटमध्ये मतभेद जरूर लिहा. डॉक्टरांना शिव्या आणि आयांना अक्कल, दोन्ही नकोत. डिलीट करेन.